क्लॉकर्स

क्लॉकर्स : अमली पदार्थांच्या रस्त्यावरील किरकोळ विक्रीचे चित्रण करणारा अमेरिकन गुन्हेगारीपट (१९९५). दिग्दर्शक स्पाइक ली. रिचर्ड प्राइस यांच्या याच नावाच्या कादंबरीवरून (१९९२) प्राइस व ली यांनी पटकथा लिहिली. मार्टिन स्कोर्सेसे हे एक निर्माते होते. क्रॅक कोकेन अहोरात्र विकणाऱ्या पोरांना ‘क्लॉकर’ म्हणतात.

कादंबरी न्यू जर्सीतील एका काल्पनिक शहरात घडते. चित्रपटात ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील सरकारी वसाहतीत घडते. स्ट्राइक (मेकी फायफर) हा वसाहतीतील बाकांवरून धंदा चालविणारा कृष्णवर्णीय तरुण. त्याचा मालक रॉडनी (डेलरॉय लिंडो) एका विक्रेत्याचा काटा काढण्याचे त्याला सुचवितो. विक्रेत्याचा खून होतो. पण कबुली देतो तो स्ट्राइकचा भाऊ व्हिक्टर. दोन नोकऱ्या करून संसार चालविणारा हा पापभीरू माणूस खुनी असणे पोलीस अधिकारी रॉको क्लाइनला (हार्व्ही कायटेल) अशक्य वाटते व तो स्ट्राइकचा पिच्छा पुरवितो. अखेर खून व्हिक्टरनेच केल्याचे उघड होते.

या उलगड्यातच चित्रपटाचे मर्म आहे. एक भाऊ सज्जन, दुसरा गुन्हेगार, ही रॉकोची सोयीची विभागणी प्रेक्षकानेही नकळत स्वीकारलेली असते आणि शेवटी ती कोसळते. कष्टाने पिचलेला माणूसही त्याच परिस्थितीचा बळी ठरतो. श्रेयनामावलीतच खून झालेल्यांच्या देहांची छायाचित्रांसारखी दृश्ये योजून ली यांनी हिंसेतील रंजकता काढून घेतली आहे. स्ट्राइकचे पोटाचे दुखणे व त्यातून होणारा रक्तस्राव, तसेच त्याचे खेळण्यातील आगगाड्यांचे वेड, यांतून धंद्याची झीज आणि हरवलेले बालपण सूचित होते. रॉडनी पोरांना पोटच्या मुलांसारखे वागवितो आणि त्याच मायेने त्यांना धंद्याला जुंपतो. लिंडो यांचा अभिनय हे दुटप्पीपण अचूक दाखवितो. मलिक सय्यद यांचे रवाळ, भडक रंगांचे छायाचित्रण या वातावरणाला पोषक आहे.

कादंबरीत रॉकोला स्ट्राइकच्या बरोबरीचे स्थान आहे. चित्रपटात भर स्ट्राइकवर असल्यामुळे रॉकोच्या हट्टामागील मनोव्यापार अस्पष्ट राहतात. स्ट्राइक खऱ्या आगगाडीने शहर सोडून जातो, हा शेवट सूचक असला, तरी आधीच्या कठोर वास्तवाच्या मानाने सुलभ वाटतो. असे असले, तरी विक्रेत्याला खलपुरुष वा नायक न करता, तो ज्या वस्तीत घडतो तिच्यासह त्याला समजून घेणारा हा चित्रपट या प्रकारात महत्त्वाचा ठरतो.