चोवीस बरण्यांची गोष्ट

ग्राहकवर्तन हा विषय मी पुण्यातल्या एका व्यवस्थापन संस्थेत २१ वर्षे शिकवला. दरवर्षी पहिल्याच आठवड्यात मी वर्गाला एक गोष्ट सांगत असे. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क या गावी ड्रेगर्स नावाचे एक उंची किराणा दुकान आहे. तिथे संशोधकांनी जॅमची चव पाहण्यासाठी एक टेबल मांडले. त्यावर कधी २४ प्रकारच्या बरण्या ठेवल्या, कधी फक्त ६. चोवीस बरण्यांपाशी जास्त माणसे थांबली, पण थांबलेल्यांपैकी विकत घेणारे निघाले शंभरात ३. सहा बरण्यांपाशी कमी माणसे थांबली, पण त्यांतल्या शंभरात ३० जणांनी जॅम घेतला. एवढे सांगून झाले की मी फळ्यावर लिहायचो, ‘निवड वाढली की विक्री घटते’, आणि वर्ग ते वाक्य वहीत उतरवून घ्यायचा.

एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला. सातारा जिल्ह्यातल्या एका बाजारपेठेच्या गावात त्याच्या वडिलांचे किराणा दुकान होते. तो म्हणाला, “सर, आमच्याकडं चहाचेच अठरा प्रकारचे पुडे आहेत. कमी केले तर खप वाढंल?” मी हसून म्हणालो, “करून बघ की.” माझ्या पाठीशी संशोधन होते, त्यामुळे बोलताना जीभ जराही अडखळली नाही. दोन वर्षांनी तो भेटला तेव्हा म्हणाला, “केलं होतं सर. सहाच प्रकार ठेवले. वडलांनी तीन महिन्यांत परत पहिल्यासारखं केलं.” त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मीही फार खोलात गेलो नाही. एका दुकानाचा अनुभव म्हणजे काही संशोधन नव्हे, अशी मी स्वतःची समजूत घातली.

चार वर्षांपूर्वी निवृत्त झाल्यावर कागद आवरताना त्या प्रयोगाचा मूळ शोधनिबंध हाती लागला, आणि मी तो पहिल्यांदाच सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचला. हे कबूल करायला लाज वाटते. एकवीस वर्षे जी गोष्ट मी सांगत होतो, ती मला पाठ्यपुस्तकातल्या एका चौकटीतून ठाऊक होती.

शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांचा हा निबंध २००० साली प्रसिद्ध झाला. अय्यंगार कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधल्या, लेपर स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ. प्रयोग झाला लागोपाठच्या दोन शनिवारी. चोवीस बरण्यांपाशी १४५ माणसे थांबली, त्यांतल्या ४ जणांनी जॅम विकत घेतला. सहा बरण्यांपाशी १०४ थांबली, त्यांतल्या ३१ जणांनी घेतला. म्हणजे जगभरच्या वर्गांत शिकवला जाणारा हा नियम त्या दुकानातल्या ३५ गिऱ्हाइकांच्या खरेदीवर उभा आहे. फरक मोठा आहे, आणि तो नुसत्या योगायोगाने पडला असे म्हणता येत नाही. पण ३५ माणसे ती ३५च.

आणखी तीन गोष्टी चौकटीत आलेल्या नव्हत्या. एक, स्ट्रॉबेरीसारखे नेहमीच्या खपाचे स्वाद टेबलावरून मुद्दाम काढून टाकले होते. लोकांनी सवयीने ओळखीचेच उचलू नये, हा त्यामागचा हेतू. प्रयोगाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण खऱ्या दुकानात गिऱ्हाईक बहुतेक वेळा ओळखीचेच उचलते, आणि नेमके तेच इथे वगळले होते. दोन, जॅम टेबलावर विकायला नव्हता. सवलतीचे कूपन घेऊन माणसाने दुकानाच्या नेहमीच्या फळीपाशी जायचे होते. तिथे त्या बनावटीचे सगळे प्रकार मांडलेले होते. सहा बरण्या पाहिलेल्या गिऱ्हाइकालाही अखेर त्या भरल्या फळीपुढे उभे राहावेच लागले. तीन, ड्रेगर्स हे दुकान वैविध्यासाठीच नावाजलेले. जॅमचेच तीनशेहून अधिक प्रकार ते ठेवत असे. निवड वाढल्याने विक्री घटते याचा पुरावा अशा दुकानात मिळाला, जे निवड वाढवूनच नावारूपाला आले होते.

निबंधकारांनी यातले काही लपवलेले नाही. सगळे निबंधातच आहे. इतकेच काय, त्यांनी शीर्षकाचा शेवट प्रश्नचिन्हाने केला आहे. चांगल्या गोष्टीचीही आस अति असू शकते का, असे ते विचारतात. ते प्रश्नचिन्ह पाठ्यपुस्तकातून माझ्या फळ्यापर्यंत येताना गळून पडले. २००४ साली बॅरी श्वार्ट्झ यांचे अतिनिवडीवरचे पुस्तक गाजले, आणि मग तर प्रश्न उरलाच नाही, सिद्धान्त झाला.

२०१० साली शाइबेहेने, ग्राइफेनेडर आणि टॉड या तिघांनी या विषयावरचे ५० प्रयोग एकत्र करून पाहिले. त्यांत काही छापलेले होते, काही कधीच न छापलेले. सरासरी परिणाम जवळजवळ शून्य निघाला. काही ठिकाणी जास्त निवडीने खरेदी घटली होती, काही ठिकाणी वाढली होती. पुढे २०१५ साली चेर्नेव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की परिणाम खोटा नाही, पण तो अटींवर अवलंबून आहे. आपल्याला काय हवे हे माणसाला आधी ठाऊक आहे का, प्रकारांची तुलना करणे किती किचकट आहे, ठरवायला वेळ किती आहे, आणि तो घ्यायला आला आहे की नुसता बघायला, यांवर सारे ठरते. ज्या वर्षी तो ५० प्रयोगांचा आढावा आला त्या वर्षी मी वर्गात काय शिकवले? तेच, चोवीस बरण्या.

माझी दुसरी आवडती गोष्ट सफरचंदाची होती. कॉर्नेल विद्यापीठात ब्रायन वान्सिंक यांची खाद्य आणि ब्रँड प्रयोगशाळा होती. शाळकरी मुलांपुढे सफरचंद आणि बिस्किट ठेवले. सफरचंदावर एल्मो या लाडक्या बाहुल्याचे चित्र चिकटवले, तर ते उचलणारी मुले जवळजवळ दुप्पट झाली. २०१२ सालचा हा निबंध. मुलांची वये ८ ते ११, असे त्यात म्हटले होते. वान्सिंक साधे प्राध्यापक नव्हते. अमेरिकेच्या कृषी खात्यात पोषण-धोरण ठरवणाऱ्या केंद्राचे ते २००७ ते २००९ या काळात प्रमुख होते, आणि त्यांच्या संशोधनाच्या आधारे हजारो शाळांच्या जेवणघरांची मांडणी बदलली गेली होती.

२०१६च्या अखेरीस वान्सिंक यांनी स्वतःच एक हकिगत कौतुकाने लिहिली. पिझ्झाच्या बुफेवरचा त्यांचा एक प्रयोग फसला होता. अपेक्षित ते काही निघाले नव्हते. परदेशातून आलेल्या, बिनपगारी काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीला त्यांनी तीच माहिती दिली आणि यातून काहीतरी निघेलच म्हणून सांगितले. तिने मेहनतीने शोधत राहून अनेक निबंध उभे केले. मेहनतीचा धडा म्हणून लिहिलेल्या या हकिगतीत वाचणाऱ्यांना भलतेच दिसले. निक ब्राउन, जॉर्डन अनाया आणि टिम व्हॅन डर झी या तिघांनी त्या बुफेवरचे चार निबंध तपासले. त्यांत दीडशेहून अधिक विसंगती निघाल्या. मग जुने निबंध उघडले गेले. सफरचंदाचा निबंध २०१७ साली मागे घेऊन सुधारून छापला, आणि काही आठवड्यांत तो सुधारलेलाही मागे घ्यावा लागला. कारण ती मुले ८ ते ११ वर्षांची नव्हतीच, ३ ते ५ वर्षांची होती. सप्टेंबर २०१८मध्ये अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकांनी वान्सिंक यांचे ६ निबंध एकदम मागे घेतले. विद्यापीठाने चौकशीअंती शैक्षणिक गैरवर्तनाचा ठपका ठेवला आणि त्यांनी राजीनामा दिला. आपण जाणूनबुजून काही खोटे केले नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

फसलेल्या प्रयोगातून ‘काहीतरी’ का निघते, ते साध्या गणिताने समजते. जो फरक निव्वळ योगायोगाने शंभरात पाचपेक्षा कमी वेळा दिसेल, त्याला संशोधनात सार्थक म्हणायची प्रथा आहे. आता एकाच माहितीला २० वेगवेगळे प्रश्न विचारले, आणि खरे उत्तर प्रत्येक वेळी ‘फरक नाही’ हेच असले, तरी निदान एक प्रश्न तरी सार्थक ठरण्याची शक्यता ६४ टक्के आहे. उरलेले १९ प्रश्न निबंधात छापायचे नाहीत, की झाले.

आता या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या. जॅमचा प्रयोग प्रामाणिक होता. त्याच्याकडे होता त्याहून जास्त अधिकार आपण त्याला दिला. सफरचंदाच्या प्रयोगाचा पायाच भुसभुशीत होता. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पण माझ्या तोंडून वर्गात त्या दोन्ही अगदी सारख्याच वाजत असत. दोन्ही अनपेक्षित, दोन्ही एका वाक्यात मावणाऱ्या, दोन्हींच्या शेवटी एक ठसठशीत आकडा. खरे आणि पोकळ यांतला फरक गोष्ट ऐकून कळत नाही. तो मूळ आकड्यांत असतो, आणि मी ते कधी उघडलेच नव्हते.

बिझनेस स्कूलमधले संशोधनच तकलादू, असा निष्कर्ष काढला तर तोही अन्याय होईल. २०१५ साली मानसशास्त्रातले १०० प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा ३६ टक्क्यांतच सार्थक परिणाम पुन्हा दिसला. अर्थशास्त्राच्या प्रयोगशाळेतले १८ प्रयोग २०१६ साली तसेच तपासले, त्यांतले ११ टिकले. शिवाय ही पोकळी सर्वांत स्पष्टपणे दाखवणारे जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि यूरी सिमनसोन हे तिघेही बिझनेस स्कूलचेच प्राध्यापक. २०११ साली त्यांनी प्रचलित पद्धतींत राहूनच ‘सिद्ध’ करून दाखवले, की बीटल्सचे एक गाणे ऐकल्याने माणसाचे वय दीड वर्षाने कमी होते. कशाची तुलना करणार आणि किती माणसे घेणार, हे प्रयोगाआधीच नोंदवून ठेवण्याची रीत आता रुजते आहे, त्यामागे अशांचे प्रयत्न आहेत.

आपल्याकडे मात्र दुखणे निराळे आहे. १९५९ साली फोर्ड आणि कार्नेगी प्रतिष्ठानांच्या अहवालांनी अमेरिकेतल्या बिझनेस स्कूलना ‘शास्त्रीय संशोधन करा’ असे बजावले. दोनच वर्षांनी, १९६१ साली, अहमदाबाद आणि कलकत्ता इथल्या आपल्या संस्था निघाल्या. पहिलीला हार्वर्डचे सहकार्य होते, दुसरीला एमआयटीचे. तिकडचे नमुने तिकडच्या निष्कर्षांसकट आले. पुढे २०१० साली विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या बढतीसाठी निबंधांना गुण लावले, आणि निबंधांचे पीक आले. माझ्या मार्गदर्शनाखाली झालेले प्रबंध मी पुन्हा चाळले. ‘अमुक शहरातील ग्राहकांची तमुक वस्तूबद्दलची वृत्ती’ हा ठरलेला विषय. मित्र, शेजारी आणि कॅन्टीनमध्ये भेटतील ते, यांच्याकडून भरून घेतलेल्या २०० प्रश्नावल्या. ‘पूर्ण सहमत’पासून ‘पूर्ण असहमत’पर्यंतच्या पाच पायऱ्या. माझ्या सहीने गेलेल्या एकाही प्रबंधात मांडलेले गृहीतक फसल्याचे मला आठवत नाही. कॉर्नेलच्या प्रयोगशाळेकडे बोट दाखवताना ही सही मला दिसते.

मागच्या पावसाळ्यात मी त्या विद्यार्थ्याच्या गावी गेलो. आता दुकान तोच बघतो. वडील गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून बसतात. चहाच्या पुड्यांचे त्या वेळी नेमके काय झाले, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, “सर, चहा घ्यायला कोण येतंय? लोक यादी घेऊन येत्यात.” मग त्यांनी उधारीची वही उघडली. चहाचा एक पुडा दाखवून म्हणाले, “ह्याचे महिन्याला चारच जातात. पण ती चार घरं महिन्याचा सगळा बाजार माझ्याकडं भरतात. हा नाही म्हटलं, की यादी पुढच्या दुकानात.”

मेन्लो पार्कच्या गिऱ्हाइकाला टेबलापाशी उभे राहून ठरवायचे होते. इथले गिऱ्हाईक घरून ठरवून येते, फळीला हातही लावत नाही, आणि मालाची पारख एकेका वस्तूवर करत नाही. इथे सगळे मिळते की नाही, एवढेच पाहते. चेर्नेव्ह यांच्या पहिल्या अटीतच हे बसते: काय हवे ते ठाऊक असलेल्याला जास्त निवड त्रास देत नाही. म्हणजे मुलाच्या प्रश्नाचे उत्तर संशोधनातही होते. मी त्याला जे सांगितले ते मात्र संशोधन नव्हते, गोष्ट होती.

अर्थात त्या वडिलांचा अनुभवही एका दुकानाचा. त्यावरून ‘किराण्यात प्रकार कमी करू नयेत’ असा नियम मी फळ्यावर लिहिला, तर तीच चूक दुसऱ्या दिशेने होईल. फरक इतकाच, की विचारल्याबरोबर त्यांनी वही उघडली.

अजूनही वर्षातून एकदोनदा पाहुणा म्हणून व्याख्यानाला बोलावतात. चोवीस बरण्यांची गोष्ट मी अजून सांगतो. ती चांगली गोष्ट आहे. पण फळ्यावर आता वाक्य लिहीत नाही, चार आकडे लिहितो: १४५, ४, १०४, ३१. त्यापुढे एक प्रश्नचिन्ह काढतो. मुले थोडी वैतागतात. “मग सर, प्रकार वाढवायचे की कमी करायचे?” असे कोणीतरी विचारतेच. त्याला मी उलट विचारतो, “दुकान कुठलं? आणि गिऱ्हाईक यादी घेऊन येतं का?”