ना. धों. महानोर यांची कविता : शेतीनिष्ठ जगणे आणि सर्जन

मराठी समीक्षेने ना. धों. महानोर (१९४२-२०२३) यांना ‘रानकवी’ ही उपाधी दिली आणि वर्गाध्यापनात ती आजही सहजपणे वापरली जाते. उपाधी गौरवपर खरी. परंतु तिच्यामुळे या कवितेतील श्रमाचे अंग झाकोळले गेले. शेत हे प्रेरणास्थान आणि कवी हा त्याचा रसिक, असे सोयीचे समीकरण रूढ झाले. प्रस्तुत लेखात या समीकरणाची तपासणी केली आहे.

सोयगाव तालुक्यातील पळसखेड हे अजिंठ्याच्या डोंगररांगांलगतचे गाव. जळगाव येथील महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सोडून महानोर गावी परतले आणि शेतीत रमले. ‘रानातल्या कविता’ (१९६७) या संग्रहात रान दुरून न्याहाळलेले नाही. पेरणी, उगवण, निसवणे, सुगी अशा अवस्थांतून पीक पुढे सरकते, तशीच त्यांची प्रतिमाही सरकते. स्त्रीदेह आणि पीक यांचे एकरूपत्व तेथे अलंकारापुरते राहत नाही, कारण त्यामागे पूर्ण हंगाम थांबून राहण्याची सवय आहे. परभणी तालुक्यातील पेडगावसारख्या गावातून येणाऱ्या विद्यार्थ्याला ‘निसवणे’ या शब्दासाठी तळटीप लागत नाही. ती बहुधा अध्यापकालाच लागते. ‘वही’ (१९७०) या संग्रहाने तर लोकगीताचा प्रकारच शीर्षकासह स्वीकारला.

बाग आणि कला यांच्या नात्याची चर्चा निघाली की फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचे जिव्हर्नी येथील उद्यान आठवते. १८८३ पासून मोने तेथे राहिले. परंतु चित्रविक्रीच्या उत्पन्नातून आणि नेमलेल्या माळ्यांच्या हातांनी ते उद्यान फुलले होते. महानोरांच्या बाबतीत शेत हा उपजीविकेचा प्रश्न होता, म्हणून ‘साधी राहणी’ हा शब्द त्यांच्यासाठी जपूनच वापरावा लागतो. साधेपणा निवडता येतो. १९७२ चा दुष्काळ मराठवाड्याने निवडला नव्हता. शेतीने या प्रतिभेला पोसले आणि थकवलेही. साहित्य अकादमी पुरस्कार (२०००) लाभलेल्या ‘पानझड’ या संग्रहाचे शीर्षकच त्या थकव्याकडे निर्देश करते. ‘पावसाळी कविता’ (१९८२) मध्ये मात्र क्वचित नादमाधुर्य अनुभवावर मात करते, आणि ‘रानकवी’ ही प्रतिमा रूढ होण्यास ते काही अंशी कारणीभूत असावे.

१९७८ मध्ये महानोर विधान परिषदेचे सदस्य झाले. शेती आणि पाणी हे प्रश्न त्यांनी तेथे मांडले. ‘शेतीसाठी पाणी’ हे पुस्तकही लिहिले. अभ्यासक्रमात हे गद्य अभावानेच येते. ते कवितेशेजारी ठेवून वाचल्यास कवितेतील पाऊस वेगळा दिसतो : त्यात सौंदर्याइतकीच विहिरीच्या पातळीची चिंता आहे.