खूण खरी ठरल्यावर

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाचा तेरावा अध्याय उपासनेत क्वचितच वाचला जातो. त्यातल्या शिक्षा इतक्या कठोर आहेत की तो सरळ ओलांडून पुढे जाणं सोयीचं पडतं. मला मात्र खोट्या शिकवणीबद्दल शास्त्रात जे काही आलं आहे, त्यात या अध्यायाची पहिली पाच वचनं सर्वांत धाडसी वाटतात.

प्रसंग साधा आहे. लोकांमधूनच एखादा संदेष्टा किंवा स्वप्नं पाहणारा उठतो, एक खूण आधीच सांगून ठेवतो, आणि ती खूण खरी ठरते! ती खोटी ठरली असती तर काम सोपं होतं. याच पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात तशी सोपी कसोटी दिलीही आहे: ज्याचा शब्द खरा ठरत नाही, तो देवाने पाठवलेला नव्हे. तेराव्या अध्यायाला अवघड प्रश्न हवा आहे. चमत्कार डोळ्यांदेखत घडला आहे, गर्दी भारावली आहे, आणि नेमक्या त्या क्षणी तो माणूस दुसऱ्या देवांकडे चला म्हणतो. या पुस्तकात लोकांशी बोलणारा मोशे सांगतो, त्याचं ऐकू नका. चमत्कार घडलाच नाही असा दावा तो करत नाही. घडला असेल, पण त्याने काही सिद्ध होत नाही, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि लगेच कारण येतं. देव तुमची परीक्षा पाहत आहे. कसली? इथे आपण ज्ञानाची, हुशारीची अपेक्षा करतो. मजकूर म्हणतो, प्रेमाची. सगळ्या मनाने आणि जिवाने तुम्ही त्याच्यावर प्रेम करता की नाही याची. जळगावच्या सराफाकडे कसोटीच्या दगडावर सोनं घासलं जातं. या अध्यायात घासला जातो तो ऐकणारा. संदेष्ट्याबद्दलचा निकाल तर झालेलाच आहे. अनिश्चित आहे ते श्रोत्याचं मन.

खानदेशात हा अध्याय फार जवळचा वाटतो. भुसावळ-जळगावपासून अकोला-अमरावतीपर्यंतच्या पट्ट्यात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सने मंडळ्या उभ्या केल्या; पश्चिमेला धुळे, नंदुरबार, नवापूर या भागात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनने काम केलं. चिंचपाड्याचं ख्रिश्चन हॉस्पिटल त्याच पट्ट्यातलं. सातपुड्याच्या पाड्यावरून दवाखाना आजही अनेकांना लांब पडतो. अशा ठिकाणी चंगाई सभेचा मांडव पडला की आजारी लेकराला घेऊन आई तिथे जाणारच. साक्ष द्यायला उठलेली बाई ताप उतरला म्हणते, तेव्हा ती खोटं बोलत नसते. मोशेही तिला खोटं पाडत नाही. प्रश्न त्यानंतरचा आहे: बरं झाल्यावर तिला कुणाकडे नेलं जातंय? ख्रिस्ताकडे, की मंचावरच्या माणसाकडे, त्याच्या दानपेटीकडे, जितकं द्याल तितकं मिळेल या हिशेबाकडे?

हा उपदेशक लोकांमधूनच उठतो, हे विसरून चालणार नाही. अध्यायाचा रोख आपल्याच घराकडे, आपल्याच व्यासपीठाकडे आहे. खानदेशातल्या ख्रिस्ती कुटुंबांचे सोयरे आणि शेजारी वेगवेगळ्या श्रद्धांचे असतात. त्यांच्यावर उगारायला हा अध्याय लिहिलेला नाही, आणि तसा कुणी वापरला तर तो वापरच चुकीचा.

पुढची रचनाही विलक्षण आहे. आधी चारचौघांत बोलणारा संदेष्टा, मग गुपचूप कानाशी लागणारा भाऊ, मुलगा, मुलगी, पत्नी, जिवलग मित्र, आणि शेवटी अख्खं गाव. दबाव वाढत जातो. तरी गावाच्या बाबतीत नुसत्या ऐकीव बातमीवर हलायचं नाही. चौकशीची तीन क्रियापदं एकामागून एक येतात.

शिक्षांचं काय? इथे ख्रिस्ती वाचकाने मत्तयचा तेरावा अध्याय शेजारी उघडून ठेवायला हवा. येशूच्या दाखल्यात निदण उपटायला निघालेल्या चाकरांना धनी थांबवतो; कापणीपर्यंत दोन्ही वाढू द्यायचं ठरतं. शिक्षेचा अधिकार हातातून जातो, पारखण्याची जबाबदारी तेवढी उरते. ती जबाबदारी किती अवघड, हेही मत्तयमध्येच दिसतं: रानातल्या परीक्षेत येशू सैतानाला तिन्ही उत्तरं याच ‘अनुवाद’ पुस्तकातून देतो, आणि सैतानही स्तोत्रातलं वचनच पुढे करतो. शास्त्र तोंडपाठ असणं पुरेसं नसतं, हे इतक्या थेटपणे दुसरीकडे कुठे दिसत नाही.

महाराष्ट्रात पारखण्याची ही परीक्षा सर्वांत उघडपणे दिली ती पंडिता रमाबाईंनी. 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि पुढे तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी पत्रांतून वाद सुरू झाला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, सगळंच रमाबाईंनी शास्त्राशी ताडून पाहिलं. केवळ चर्च सांगतं म्हणून मान्य करायला त्या तयार नव्हत्या. समोरून त्यांच्यावर गर्विष्ठपणाचा ठपका आला. मला तिथे गर्व दिसत नाही. ज्याच्यावर जीव जडला त्याच्याबद्दल कुणीही काहीही सांगावं आणि आपण मान डोलवावी, हे त्यांना जमणारं नव्हतं. बिरुयातल्या लोकांनी खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात तपासलं आणि प्रेषितांच्या कृत्यांत त्याबद्दल त्यांचं कौतुकच झालं. रमाबाई त्याच घराण्यातल्या. पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बाईला कळेल अशा मराठीत त्यांनी सबंध बायबल उतरवलं, म्हणजे तपासायचं पुस्तक त्यांनी तिच्याच हाती दिलं. 1922 मध्ये त्या गेल्या. 1924 मध्ये त्यांचं संपूर्ण बायबल केडगावच्या मुक्ती मिशनमधून छापून बाहेर पडलं.

पाळकांना माझी विनंती एवढीच आहे की हा अध्याय टाळू नका. मत्तयच्या दाखल्याबरोबर तो मंडळीत पूर्ण वाचा, आणि वाचून झाल्यावर लोकांना प्रश्न विचारू द्या, तुमच्या स्वतःच्या उपदेशाबद्दलसुद्धा.