झीलकऱ्यांशिवाय शाहीर
गाणाऱ्याच्या जवळ जाणाऱ्या कॅमेऱ्याविषयी

गेल्या दोन दशकांत चित्रपटाचा एक छोटा प्रकार जगभर रुजला आहे. वय झालेला गीतकार-गायक, हातात गिटार किंवा समोर पियानो, विजेच्या वाद्यांचा कल्लोळ नाही, आणि कॅमेरा इतका जवळ की श्वास घेताना हलणारा गळा दिसावा. जोनाथन डेमी यांनी नील यंग यांच्यावर केलेला ‘हार्ट ऑफ गोल्ड’ (२००६) हा या प्रकारातला बहुतेकांना ठाऊक असलेला नमुना. ऑगस्ट २००५ मध्ये नॅशव्हिलच्या जुन्या रायमन सभागृहात तो चित्रित झाला. काही महिन्यांपूर्वीच यंग मेंदूतल्या रक्तवाहिनीच्या आजारातून उठले होते. मंचावर सोबत वादक आहेत, मागे गाणारे आहेत; पण शेवटी श्रेयनामावली सरकत असताना सगळे निघून गेलेले असतात आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर यंग एकटेच गात बसतात. पुढे २०२० च्या टाळेबंदीत निक केव्ह यांनी हेच टोकाला नेले. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधल्या भल्यामोठ्या रिकाम्या दालनात ते पियानोपाशी एकटे बसले आणि रॉबी रायन यांनी ते टिपले. ‘इडियट प्रेअर’ या नावाने तो कार्यक्रम त्याच वर्षी जुलैमध्ये जगभर दाखवला गेला.

हे दोन्ही चित्रपट मला आवडतात. ते पाहताना गाण्यातला शब्द जिथून निघतो त्या जागी आपण पोचलो असे वाटते. मात्र त्यांनी माझ्यापुढे एक प्रश्न ठेवला, आणि या लेखाचा विषय तोच आहे. मराठीत असा चित्रपट आहे का? नसेल, तर तो कसा असावा?

मराठीत स्वतः रचून स्वतः गाणाऱ्याला शाहीर म्हणतात. हा शब्द आपण पोवाड्यापुरता आवळून ठेवला आहे, पण विसाव्या शतकात त्याचा पैस बराच वाढला. भीमराव कर्डकांचा आंबेडकरी जलसा, अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये उभे केलेले लाल बावटा कलापथक, आणि प्रौढपणी अक्षरओळख झाल्यावर आयुष्यभर गाणी लिहीत गावोगाव फिरलेले वामनदादा कर्डक (१९२२–२००४) ही या परंपरेतली ठळक नावे. पाश्चात्त्य गीतकार-गायकाशी तुलना करायची तर ती यांच्याशीच करावी लागेल. मात्र इथे एक मूलभूत फरक आहे, आणि त्याचे नाव आहे झील.

शाहीर एकटा गात नाही. डफ त्याच्या हातात असतो; तुणतुणे, झांज आणि झील मागच्यांकडे. कडव्याची शेवटची ओळ ते उचलतात आणि चढ्या सुरात परत देतात. हा केवळ साज नव्हे. झील तीन कामे करते. शाहिराला दम खायला सवड देते. मागे बसलेल्या, नीट ऐकू न आलेल्या माणसापर्यंत ओळ दुसऱ्यांदा पोचवते. आणि तिसरे काम सर्वांत महत्त्वाचे: जे म्हटले गेले ते आम्हालाही मान्य आहे, अशी साक्ष देते. शाहिराचे विधान ‘मी’ म्हणून सुरू होते आणि झिलीत ‘आम्ही’ होऊन संपते. मग अशा गायकाच्या अगदी जवळ कॅमेरा नेला आणि मागची माणसे चौकटीबाहेर ठेवली, तर आपण त्याच्या जवळ गेलो की त्याच्या गाण्यापासून दूर?

आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) मी या प्रश्नासह पुन्हा पाहिला. तो मैफलीचा चित्रपट म्हणून ओळखला जात नाही. दलित अत्याचार, न्याय आणि राजकारण यांवरचा माहितीपट म्हणूनच त्याची चर्चा झाली. पण त्याच्या मुळाशी एक गाणारा माणूस आहे. शाहीर विलास घोगरे आणि पटवर्धन यांची ओळख मुंबईतल्या झोपडपट्ट्या हटवण्यावरच्या ‘हमारा शहर’ (१९८५) या माहितीपटापासूनची. त्यात घोगरे गातात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने गोळ्या झाडल्या आणि दहा माणसे गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरे यांनी आपल्या झोपडीत गळफास घेतला. डाव्या चळवळीत गाणारा हा शाहीर जाताना कपाळाला निळी पट्टी बांधून गेला. त्यानंतर पटवर्धन यांचे चित्रीकरण सुरू झाले आणि चौदा वर्षे चालले.

म्हणजे या चित्रपटाचा गायक चित्रपट सुरू होण्याआधीच मरण पावला आहे. त्याला समोर बसवून गाऊन घेण्याची सोय दिग्दर्शकाकडे उरलेली नाही. हाती आहेत ती बारा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कामासाठी टिपलेली दृश्ये, आणि त्याची गाणी तोंडपाठ असलेली माणसे. माझ्या मते या अडचणीतूनच चित्रपटाला त्याचा घाट सापडला. घोगरे जुन्या चित्रफितीतून पुन्हा गातात, आणि त्यांच्या भोवती इतर आवाज जमत जातात: वस्तीतल्या गल्ल्या, जयंतीचे मंडप, नव्या पिढीतला पुण्याचा कबीर कला मंच. तीन तासांहून मोठ्या या चित्रपटाची लांबी अनेकांना खटकली. मला ती बऱ्याच अंशी गाण्यांनी मागून घेतलेली वाटते. गाण्याला जागा द्यायची तर वेळ द्यावाच लागतो. घोगरे यांची झील त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांच्या अंतराने धरली जाते, आणि पडद्यावर ती ऐकू येते.

गायक-गायिकांच्या घरात कॅमेरा जातो तेव्हाही हा फरक जाणवतो. दालन शांत केलेले नसते. भांडी वाजतात, मुले डोकावतात, बाहेरून कुणी हाक मारते. यंगच्या चित्रपटात जवळीक शांततेतून येते. इथे ती वर्दळीतून येते. हे गाणे ज्या लोकांमधून आले ते अजून घरातच आहेत, असा त्या आवाजांचा अर्थ होतो.

तरीही या चित्रपटाकडे माझी एक तक्रार आहे. घोगरे कशासाठी गात होते, हे तो सखोल विचारतो. कसे रचत होते, हे फारसे विचारत नाही. चाल आधी सुचे की शब्द? चाल कुठल्या जुन्या गाण्यावरून उचललेली? कुठली ओळ श्रोत्यांचा प्रतिसाद पाहून बदलली? नील यंग यांच्या गिटारीचा पूर्वीचा मालक कोण होता, हेही आपल्याला कळते. आपल्या शाहिराच्या कारागिरीविषयी मात्र आपण दुःखाच्या आणि चळवळीच्या भाषेतच बोलतो. हा दोष एकट्या पटवर्धनांचा नाही. आपल्या समीक्षेनेही शाहिरी वाङ्मयाला आशयापुरतेच मोजले आहे.

याच्या नेमक्या उलट टोकाला चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) उभा आहे. तो कथापट आहे. त्यातला वयस्क लोकशाहीर नारायण कांबळे काल्पनिक आहे. पण ती भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः चळवळीतले कार्यकर्ते होते आणि गाणी संभाजी भगत यांची आहेत. वस्तीतल्या मंचावर कांबळे गात असताना त्यांना अटक होते. आरोप असा की त्यांचे गाणे ऐकून एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला. संपूर्ण चित्रपटात कॅमेरा बहुधा दूर आणि स्थिर राहतो. गाणे संपते, आणि मग न्यायालयात त्याचा फक्त कागद उरतो. चाल नाही, डफ नाही, मागचे गाणारे नाहीत. कायद्याला एक लेखक हवा असतो, एक ओळ हवी असते आणि एक आरोपी हवा असतो.

इथे मला एक विचित्र साम्य दिसते. एकट्या गायकावर रोखलेला प्रेमळ कॅमेरा आणि एकट्या आरोपीवर रोखलेले न्यायालय यांचे हेतू सर्वस्वी वेगळे आहेत. पण दोघेही झीलकऱ्यांना बाजूला सारतात. दोघांनाही गाणे एकाच माणसाच्या नावावर चढवायचे असते. ‘जय भीम कॉम्रेड’मध्ये दिसलेल्या कबीर कला मंचाच्या कलावंतांबाबत हा मुद्दा कल्पनेतला राहिला नाही. शीतल साठे आणि सचिन माळी २ एप्रिल २०१३ रोजी मुंबईत विधानभवनापाशी स्वतःहून पोलिसांपुढे हजर झाले. माळी यांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला २०१७ उजाडावे लागले. गाणाऱ्याला त्याच्या समूहापासून वेगळे काढण्याला आपल्याकडे काय किंमत पडते, याचा हा पुरावा आहे.

मी मांजरसुंब्यात राहतो. बीडहून सोलापूरकडे जाणारा रस्ता आणि केज-अंबाजोगाईचा फाटा इथे भेटतात. ट्रकचे हॉर्न आणि धाब्यांवरची गाणी रात्रभर चालू असतात. गेल्या उन्हाळ्यात एका खोलीत लॅपटॉपवर मी हे चित्रपट काही जणांना तुकड्या-तुकड्यांनी दाखवले. त्यांत पूर्वी गायन पार्टीत पेटी वाजवणारे एक आजोबा होते. निक केव्ह रिकाम्या दालनात गाऊ लागले तेव्हा ते बराच वेळ लक्ष देऊन पाहत होते. मग म्हणाले, “गळा चांगलाय. पर याच्या मागं कुणीच कसं न्हाई? झील कोण धरतंय मग?” मी म्हटले, “आजोबा, तिथं आजाराची साथ होती.” त्यावर ते म्हणाले, “साथ गेल्यावर तरी बोलावलं का माणसं?” घोगरे यांचे गाणे लागले तेव्हा त्यांनी काहीच विचारले नाही. दुसऱ्या कडव्यापासून खोलीतल्या तिघांनी शेवटची ओळ उचलायला सुरुवात केली. त्यांतल्या दोघांना ते गाणे आधी माहीत नव्हते.

ओव्या हे आपल्याकडचे सर्वांत खाजगी गाणे, असे मानले जाते. पण ओवीही एकटीची नसते. पहाटे जात्याच्या खुंट्याला समोरासमोर दोन हात लागतात. एकीने ओळ टाकली की दुसरी ती धरते. हेमा राईरकर आणि गी पॉयत्वाँ यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या गोळा केल्या. बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने त्यांतल्या काही हजारांचे ध्वनिमुद्रणही झाले. आमच्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरात १९९६ मध्ये बायांनी बाबासाहेबांवर स्वतः रचलेल्या ओव्या त्यांत आहेत. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने हे धन ध्वनी आणि चित्रफितींसह लोकांपुढे आणले. मराठीतला ‘जवळून ऐकलेल्या’ गाण्याचा सर्वांत मोठा ठेवा मी यालाच म्हणेन. त्याची एक शिस्त अनुकरणीय आहे: गाणारीचे नाव, गाव आणि तारीख ओवीपासून सुटू दिलेली नाही. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. पण कुणाची ओवी कुणाच्या साथीने गायली गेली, हे तरी टिकले.

एकट्या गायकावरच्या चित्रपटाची बाजू घेणारे विचारतील: झिलीच्या मागे शाहिराचे वय, थकवा, एखादी चुकलेली जागा दडून राहते, ती दिसायला नको का? दिसायला हवी. वामनदादांसारखा माणूस उतारवयात एखाद्या ओसरीवर बसून स्वतःच्या चालीविषयी बोलतो आहे, गाता गाता थांबतो आहे, शब्द बदलून पाहतो आहे, असे तास-दोन तासांचे नीट चित्रण पाहायला मी कितीही लांब जाईन. वीरा साथीदार २०२१ मध्ये करोनाने गेले. त्या साथीत गावोगावचे किती पेटीवाले, ढोलकीवाले आणि गायक गेले याची गणती कुणी ठेवली नाही. घाई आहे, हे मलाही मान्य आहे. माझे म्हणणे एवढेच की घाईत परदेशी साचा जसाच्या तसा उचलू नये. जवळ जाताना एकटे पाडू नये.

हे काम मोठ्या दिग्दर्शकांची वाट पाहत थांबणारे नाही. हा अंक हाती पडेल तेव्हा कार्तिकी पौर्णिमा जवळ आली असेल आणि इथून हाकेच्या अंतरावरच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीकडे दिंड्या निघाल्या असतील. टाळ-मृदंगाच्या गजरात शेकडो मोबाईल वर होतील आणि प्रत्येकात वीस-तीस सेकंदांचा तुकडा साठेल. त्याऐवजी एकाने तरी एक अभंग पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत न थांबवता टिपावा. म्होरक्याबरोबर मागे धरणारेही चौकटीत येतील इतके अंतर ठेवावे. आजूबाजूचा आवाज पुसू नये. नंतर बाजूला बसवून त्यांची नावे, गाव आणि ती चाल कुणाकडून आली ते विचारून घ्यावे, आणि त्या चित्रफितीसोबतच लिहून ठेवावे.