डाइस ०.९० आला म्हणजे जखम मोजली असं नाही

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या बऱ्याच जणांना "मशीन लर्निंगने जखमेचं मोजमाप" हा विषय आवडतो. विषय चांगलाच आहे. मधुमेहामुळे पायाला झालेली जखम चार आठवड्यांत साधारण निम्म्यावर आली नाही, तर डॉक्टर उपचार बदलायचा विचार करतात. म्हणजे निर्णय क्षेत्रफळावर ठरतो, आणि ते क्षेत्रफळ अजूनही बऱ्याचदा पट्टी लावून लांबी गुणिले रुंदी असंच काढतात. जखम लंबगोल असेल तर हा गुणाकार खऱ्यापेक्षा सुमारे २७ टक्के जास्त येतो. फोटोवरून नीट मोजता आलं तर कोणाला नकोय?

या विषयात हमखास समोर येणारा पेपर २०२० चा, 'सायंटिफिक रिपोर्ट्स'मधला, अमेरिकेतल्या मिलवॉकीचा. ८८९ रुग्णांच्या पायांच्या जखमांचे १,१०९ फोटो, मोबाइलनेट-व्ही२ वर आधारलेलं हलकं मॉडेल, डाइस स्कोअर ९०.४७ टक्के. पेपर जरूर वाचा. त्यांनी शीर्षकात 'सेगमेंटेशन' म्हटलंय, 'मोजमाप' नाही, हे प्रामाणिक आहे. घोळ होतो तो पुढे, हाच आकडा दाखवून कुणी "जखम मोजता येते" असं लिहितो तेव्हा.

डाइस म्हणजे काय? मॉडेलने रंगवलेला आणि तज्ज्ञाने रंगवलेला भाग घ्या. दोन्हींत सामाईक असलेल्या भागाची दुप्पट भागिले दोन्हींची बेरीज. आता कागद-पेन घ्या. मॉडेलने खरी जखम पूर्ण झाकून वर २२ टक्के जास्त रंगवलं, तरी डाइस ०.९०. जखमेच्या आतच राहून १८ टक्के कमी रंगवलं, तरी ०.९०. समजा जखम पहिल्या दिवशी १० चौ. सेंमी. होती, चार आठवड्यांनी ५ झाली. मॉडेल पहिल्यांदा ८.२ म्हणालं, नंतर ६.१. खरी घट ५० टक्के, मॉडेलची जेमतेम २६. दोन्ही वेळा डाइस झकास, आणि बरी होत असलेल्या पेशंटचा उपचार उगाच बदलला जाणार.

हेही बाजूला ठेवू. पिक्सेलचे चौ. सेंमी. करायचे कसे? मोबाइल १० टक्के जवळ नेला की क्षेत्रफळ २० टक्क्यांहून जास्त फुगतं. टाचेसारख्या गोलाईवर तर वेगळीच तऱ्हा.

इथे आपल्या नांदेडचं उदाहरण बघण्यासारखं आहे. विष्णुपुरीच्या श्री गुरू गोबिंद सिंगजी अभियांत्रिकी संस्थेतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये 'आयडीआरआयडी' हा डेटासेट खुला केला. नांदेडच्याच एका नेत्र दवाखान्यातले, डोळ्याच्या पडद्याचे ५१६ फोटो, सगळे ५० अंशांच्या एकाच कोनात. त्यातल्या ८१ फोटोंवर मधुमेहाने झालेले बारीक डाग पिक्सेलनिशी आखलेत. ८१ म्हणजे कमीच, ही त्याची मर्यादा. पण मला त्यात आवडते ती एक गोष्ट: मॅक्युलाच्या सुजेचा धोका ठरवताना कडक स्राव मॅक्युलाच्या मध्यापासून एका 'डिस्क व्यासा'च्या आत आहेत की बाहेर, हे बघतात. म्हणजे डोळ्यातलीच ऑप्टिक डिस्क पट्टीचं काम करते. माणसागणिक ती थोडी लहानमोठी असते खरी, पण पट्टी फोटोतच आहे. पायाच्या फोटोत असं काहीच नसतं. ते आपल्यालाच ठेवावं लागतं.

तेव्हा तुमच्या आराखड्यात जखमेच्या शेजारी, त्याच पातळीत, ठराविक मापाचं स्टिकर हवं. एकच जखम वेगवेगळ्या अंतरावरून तीन-चारदा टिपा आणि आकडा किती हलतो ते लिहा. एकाच फोटोवर दोन जाणकारांना वेगवेगळं आखायला लावा, कारण जखमेची कड कुठे संपते यावर त्यांचंही एकमत नसतं. निकालाच्या तक्त्यात डाइस राहू द्या, पण त्याच्या शेजारी दोन रकाने वाढवा: चौ. सेंमी. मधली चूक, आणि दोन भेटींमधल्या घटीतली चूक. दुसऱ्या रकान्यासाठी तोच पेशंट पुन्हा यावा लागतो, आणि ड्रेसिंगला हदगाव-किनवटहून येणारा माणूस दर आठवड्याला येईलच असं नाही. त्यामुळे किती पेशंट लागतील याचा हिशोब परवानगीच्या अर्जाआधीच करा.