बालकथेतील ‘वेड’ आणि बालमनाची घडण : दोन कलाकृतींच्या आधारे एक चिकित्सा

मानसिक आजाराविषयीची मुलांची पहिली समज पाठ्यपुस्तकातून येत नाही. ती गोष्टींतून, चित्रपटांतून आणि घरातल्या बोलण्यातून येते. ‘वेडा’ या शब्दाचा अर्थ कळण्याआधीच त्याचा वापर मुलाला कळलेला असतो. लॉसन व फाउट्स या अभ्यासकांनी २००४ मध्ये डिस्नेच्या ३४ सचेतपटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ८५ टक्के चित्रपटांत मानसिक आजाराचे शाब्दिक उल्लेख आढळले. पात्राला हिणवणे व वेगळे पाडणे हेच त्यांचे मुख्य कार्य होते. तथापि केवळ शब्दांच्या मोजणीने कथेचा संस्कार उलगडत नाही. कथा मुलाला कोणाच्या बाजूने उभे करते, हा प्रश्न अधिक मूलभूत आहे.

‘ब्यूटी अँड द बीस्ट’ (१९९१) या डिस्नेपटात नायिका बेलचे वडील मॉरिस हे विक्षिप्त संशोधक आहेत. मुलगी श्वापदाच्या कैदेत असल्याचे ते मद्यगृहात सांगतात, तेव्हा गावकरी त्यांना हसत बाहेर बर्फात फेकतात. पुढे गॅस्टन वेड्यांच्या इस्पितळाच्या चालकाला पैसे चारतो आणि मॉरिसना नेणारी गाडी दारात उभी करून बेलकडून लग्नाचा होकार उकळू पाहतो. वेडेपणाचा शिक्का हे बलवंताचे हत्यार ठरते, हे चित्रपट समर्थपणे दाखवतो. त्याचे हे श्रेय नाकारता येत नाही.

परंतु बेलचा बचाव एवढाच आहे की, वडील वेडे नाहीत. जादूच्या आरशात ती श्वापद दाखवते आणि वडिलांचे म्हणणे खरे ठरते. मॉरिस खरोखर आजारी असते तर? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही. माणूस चुकीचा निवडला गेला, गाडी मात्र योग्यच होती, असा अर्थ शिल्लक राहतो. ज्या बालप्रेक्षकाच्या घरी आई खरोखरच आजारी आहे, त्याला येथे उभे राहायला जागा नाही. परीकथेकडून वैद्यकीय माहितीची अपेक्षा करणे गैर होईल. पण सहानुभूतीची मर्यादा कोठे आखली जाते, हे तपासणे समीक्षेचे कामच आहे.

जॅकलिन विल्सन यांची ‘द इलस्ट्रेटेड मम’ (१९९९) ही ब्रिटिश बालकादंबरी नेमकी ही मर्यादा ओलांडते. अंगभर गोंदवून घेतलेली मॅरिगोल्ड द्विध्रुवीय विकाराने ग्रस्त आहे. तिची धाकटी मुलगी डॉल्फिन कथा सांगते. आई एकाच वेळी लोभस, भीतिदायक आणि बेभरवशाची वाटते. लेखिका यांपैकी काहीही लपवत नाही. आई अंगाला पांढरा रंग फासून घेते, तेव्हा डॉल्फिनच रुग्णवाहिका बोलावते. येथेही एक गाडी दारात येते आणि माणसाला घेऊन जाते. परंतु ती उपचारासाठी आलेली असते आणि प्रेम करणाऱ्या मुलीनेच बोलावलेली असते. मुली पुढे आईला रुग्णालयात भेटतात. नाते तुटत नाही.

भारतात मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ ने रुग्णाचा सन्मानाने जगण्याचा व उपचाराचा हक्क मान्य केला आहे. महाराष्ट्रातील घराघरांत मात्र ‘येरवडा’ आणि ‘ठाणे’ ही गावांची नावे आजही थट्टेत उच्चारली जातात. मुले ती ऐकतात. ‘वेडा म्हणू नये’ एवढी शिकवण म्हणूनच अपुरी ठरते. आजार खरा असतानाही माणूस आपलाच राहतो, हे सांगणाऱ्या कथा अध्यापकांनी वर्गात जाणीवपूर्वक निवडणे आवश्यक आहे.