पटवणारी भाषा तपासताना

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात बारावीच्या इंग्रजीच्या प्रश्नपत्रिकेत एक वेगळा प्रश्न असतो. विद्यार्थ्यांनी आधी न वाचलेला एखादा लेख किंवा भाषण, आणि सोबत चित्र दिलेले असते. लेखकाचे म्हणणे बरोबर की चूक, हे सांगायचे नाही; ते पटवण्यासाठी त्याने भाषा कशी वापरली, एवढेच उलगडून दाखवायचे.

हा प्रश्न आम्हांला आवडतो. शब्दांचा वाचकावर काय परिणाम होतो हे बारकाईने पाहणे म्हणजे निरीक्षणच. ‘येथे भावनेला आवाहन, येथे आकडेवारी’ अशी नुसती यादी पुरेशी नाही, हे तेथील परीक्षकही बजावतात.

पण एक उणीव खटकते. २०१० साली जैवविविधतेवरील भाषण दिले होते. अशा भाषणातील आकडा श्रोत्यांवर काय परिणाम करतो, हे नेमके लिहिले की उत्तर पुरे होते. तो कोणी मोजला, कसा मोजला, हे विचारायला जागाच नाही. म्हणजे खऱ्या आणि खोट्या आकड्याचे उत्तर एकच!

आपल्या वर्गात दोन्ही करता येईल. ‘दहापैकी नऊ डॉक्टरांची पसंती’ ही ओळ फळ्यावर लिहा. ती का पटते, हे भाषेच्या तासाला पाहू. कोणते दहा डॉक्टर, त्यांना नेमके काय विचारले, हे विज्ञानाच्या तासाला. दोन्ही प्रश्न विचारायची सवय लागलेली मुले मग पाठ्यपुस्तकही त्याच नजरेने वाचतील. त्याची आपली तयारी हवी.